आप्पा तसं म्हणाले नव्हते

बातमी आली तेव्हा मी निपाणीला आईकडे होते. रविवारची सकाळ. आई दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होती आणि मी शेजारी मोबाइल बघत होते. फौंड्रीत नोकरीला लागलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला, एकाच ओळीचा : ‘मॅडम, स्टोअरचे परशराम आप्पा आज पहाटे गेले.’ मी तो पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आईनं विचारलं, “कोण गं?” मी म्हटलं, “फौंड्रीतले आप्पा.” तिचे हात थांबले. “म्हंजे तुला ज्यांनी डाक्टर केलं, त्येच की न्हाय?...” मी मान हलवली. “मग बसलीस काय? ऊठ की. आत्ता निघालीस तर मातीला पोचशील.” निपाणीहून बेळगाव, तिथून त्यांचं गाव गुंजी. निघाले असते तर खरंच पोचले असते. मी आईला सांगितलं, उद्या परीक्षेचं काम आहे, आजच कॉलेजला जायला हवं. असं कुठलंही काम नव्हतं.

परशराम आप्पा माझे नातेवाईक नव्हते. बेळगावहून पिरनवाडीकडे जाताना लागणाऱ्या एका फौंड्रीत ते स्टोअर सांभाळायचे. पंपांची, ट्रॅक्टरच्या भागांची ओतीव कामं तिथं होतात. गाव गुंजी, घरची थोडी भातशेती. पण विशीत नोकरीला लागल्यापासून ते रोज गावाहून बेळगावला ये-जा करत राहिले. मी बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते आणि सोबत पीएच.डी. चालली होती. विषय थोडक्यात असा : कारखान्याला माल पुरवणारे चार-पाच जण असतात. कुणाचा भाव चांगला, कुणाचा दर्जा, कुणी वेळेचा पक्का. सगळं एकाच ठिकाणी मिळत नाही, आणि पुढं काय घडेल याची खात्रीही नसते. अशा वेळी योग्य पुरवठादार गणितानं कसा निवडायचा? उदाहरण म्हणून मी या फौंड्रीची वाळू घेतली. साच्यासाठी लागणारी पांढरी वाळू घाटाखालून, कोकणातून येते. पावसाळ्यात घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही. ट्रक अडकतात, वाळू भिजते. ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की वाफ होते आणि मालात भोकं पडतात. म्हणजे माझ्या प्रबंधाला हवी तेवढी अनिश्चितता तिथं होती.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा फाटकाशी वाळूचा ट्रक उभा होता. आप्पांनी मूठभर वाळू घेतली, आवळली, मूठ उघडून बघितली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “वरची कोरडी हाय रं. खालनं काढून दाव.” खालची ओली निघाली. ट्रक परत गेला. मग माझ्याकडं वळून, “बोला बाई, काय काम काढलंसा?” मी निपाणीची म्हटल्यावर त्यांचा सूरच बदलला. “मग आई वखारीत हुती काय?” आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची, मी हो म्हटलं. “मग तुला मी काय शिकवू, पोरी? तुझी आई पान हातात धरून सांगत असंल, ह्ये कुठल्या रानातलं. तसंच हाय ह्ये.” जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली. आडनाव विचारलं नाही. आमच्या भागात आडनाव न विचारता भाकरी पुढं करणारी माणसं मला तोवर फार भेटली नव्हती.

पुढं वर्षभर मी आठवड्यातून एकदा तरी स्टोअरमध्ये जाऊन बसत असे. वाळू कशी चाळतात, कोणता पुरवठादार कुठल्या महिन्यात कसा वागतो, कुणाचा ट्रक शनिवारी हमखास उशिरा येतो, हे सगळं आप्पांनी मला शिकवलं. पुस्तकात यातलं काही नव्हतं. घाटाखालचे सावंत म्हणून एक जुने पुरवठादार होते. त्यांच्याविषयी आप्पा म्हणायचे, “सावंताची वाळू लई भारी असं न्हाय. भावबी कमी न्हाय. पण वाळू भिजली तर त्यो माणूस आदल्या दिवशी फोन करतोय. म्हणतोय, आप्पा, उद्याच्या गाडीवर भरवसा ठेवू नका. येवढं कुणी करत न्हाय बघ.” हे ऐकून मी माझ्या निकषांत एक नवा निकष घातला. भाव, दर्जा, वेळ, अंतर यांच्या जोडीला ‘अडचण आधी कळवणं’. माझ्या मार्गदर्शक सरांना तो फार आवडला. नवं आहे, म्हणाले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते.

माझ्या पद्धतीत जाणकाराला दोन-दोन निकषांची जोडी देऊन विचारायचं असतं, यातलं जास्त महत्त्वाचं कुठलं आणि किती. उत्तर आकड्यात द्यायचं नाही, बोलीत द्यायचं : सारखंच, थोडं जास्त, लई जास्त. माणसाचा शब्द काटेकोर नसतो, म्हणून त्या प्रत्येक शब्दाचे पुढं एकाऐवजी तीन आकडे होतात, कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त. तक्ते पेन्सिलीनं भरून घ्यायचे, कारण लोक उत्तरं बदलतात. खाली सही मात्र पेनानं. आप्पांनी एका दुपारी स्टोअरच्या टेबलावर माझा तक्ता भरला. भाव की दर्जा? म्हणाले, “भाव. परवडलं न्हाय तर सोन्यासारखी वाळू असूंदे, मालक घेणार न्हाईत.” दर्जा की आधी कळवणं? “दर्जा. वाळूच खराब आसंल तर फोन करून काय उपेग?” आणि आधी कळवणं की भाव? यावर ते क्षणभरही थांबले नाहीत. “आधी कळवणं. लई जास्त. स्वस्तात घेतली आन् ऐनवेळी गाडी आली न्हाय, तर भट्टी पेटवून काय वाळूशिवाय तोंड बघत बसायचं?”

प्रत्येक उत्तर स्वतंत्र ऐकलं तर पटतं. पण तिन्ही एकत्र ठेवली की गोल फिरतात. भाव दर्जाहून मोठा, दर्जा कळवण्याहून मोठा, आणि कळवणं पुन्हा भावाहून मोठं. गणिताला हे चालत नाही. उत्तरांत किती विसंगती खपवून घ्यायची याची एक मर्यादा असते, आप्पांचा तक्ता तिच्या फार बाहेर गेला. सर म्हणाले, पुन्हा विचारून या, नाहीतर त्यांना वगळा. मी पुन्हा गेले. आप्पांनी तक्ता बघितला आणि हसले. “बराबर हाय की. उन्हाळ्यात भाव बघायचा, पावसाळ्यात फोन बघायचा. एकाच कागदावर दोन्ही कसं बसवू मी? मी बोललो ते बोललो.” खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं. दोन ऋतूंचे दोन तक्ते करायला हवे होते. चूक आप्पांच्या उत्तरात नव्हती, माझ्या प्रश्नात होती... पण प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती, बाकी दोन जाणकारांचे तक्ते होऊन गेले होते, आणि आप्पांना वगळावं तर ज्यांच्यामुळं तो नवा निकष आला तेच गेले असते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, भर दुपारी, शेजारी दोघी-तिघी चहा पीत गप्पा मारत असताना मी खोडरबर घेतला आणि आप्पांची एक खूण पुसली. ‘आधी कळवणं लई जास्त’ होतं, तिथं ‘भाव थोडा जास्त’ केलं. खाली त्यांची सही तशीच होती, वळणदार, निळ्या शाईतली. तक्ता मर्यादेत बसला. सावंत पहिल्यावरून तिसऱ्यावर गेले आणि कमी भावाचा दुसरा एक पुरवठादार वर आला. सरांनी विचारलं, “विचारून आलात?” मी म्हटलं, “हो सर.”

मला वाटलं होतं, प्रबंध कपाटात जाईल, कोण वाचतंय. मी रीतीप्रमाणे एक प्रत फौंड्रीला दिली, शेवटी जाणकारांचे सह्या केलेले तक्ते जोडलेली. धाकटे मालक नुकतेच पुण्याहून व्यवस्थापन शिकून आले होते. त्यांना ती यादी इतकी आवडली की त्यांनी वर्षभराच्या सगळ्या वाळूचं काम पहिल्या क्रमांकाच्या पुरवठादाराला देऊन टाकलं. सावंतांना नमस्कार. उन्हाळाभर काही बिघडलं नाही. जुलैत घाटात दरड पडली. चार दिवस ट्रक नाही, फोन नाही. पाचव्या दिवशी दोन ट्रक एकदम आले. आप्पांनी मूठ आवळली आणि म्हणाले, चालणार नाही, वाळवायला टाका. पण मागणीची तारीख डोक्यावर होती, धाकट्या मालकांनी तीच वाळू वापरायला सांगितली. पंपाच्या भागांची पूर्ण खेप भोकं पडून परत आली. मग दोष कुणाचा याची शोधाशोध सुरू झाली आणि धाकट्या मालकांनी आप्पांना केबिनमध्ये बोलावून माझ्या प्रबंधाचं शेवटचं पान पुढं धरलं. भावाला जास्त महत्त्व द्या, असं तुम्हीच लिहून दिलंय, ही तुमची सही. आप्पा म्हणाले, मी असं म्हटलेलं न्हाय.

त्या दुपारी त्यांचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता. हे मी आवर्जून सांगते, कारण त्यांना माझ्यावर संशय आला असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं. “पोरी, एक इचारायचं हुतं. त्या तुझ्या कागदावर... भाव आन् आधी कळवणं, त्यात मी काय म्हणलो हुतो गं? माझ्या ध्यानात हाय त्ये येगळंच, आन् हितं येगळंच लिवलंय.” माझ्या तोंडी परीक्षेला आठ दिवस उरले होते. मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. मी म्हटलं, “आप्पा, तुम्ही भावच म्हणाला होता. तुमची सही आहे की त्याच्यावर.”

पलीकडं फौंड्रीतली घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ते म्हणाले, “व्हय... सही तर माझीच हाय. मग असंल. वय झालं बघ आता.” आणि फोन ठेवण्याआधी, “तुझी परीक्षा कवा हाय? भिऊ नगंस. चांगली हुईल.” नंतर मला कळलं की ते तसेच केबिनमध्ये गेले आणि धाकट्या मालकांना म्हणाले, “माझंच चुकलं साहेब. मी इसरलो.”

परीक्षा चांगली झाली. डॉक्टरेट मिळाली म्हणून कॉलेजनं छोटासा सत्कार ठेवला, त्याला आप्पा कुंद्याच्या मिठाईचा पुडा घेऊन आले होते. मागच्या रांगेत बसले. कार्यक्रम संपल्यावर माझ्या सहकाऱ्यांना सांगत होते, “आमच्या स्टोअरात बसून शिकलीया ही.” मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. आईनं त्यांच्याशी खूप गप्पा मारल्या. दोघं वखारीतल्या पानांवर आणि घाटाखालच्या वाळूवर बोलत होती. मी चार पावलांवर उभी राहून इतरांचं अभिनंदन स्वीकारत होते. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही किती वेळा सांगता आलं असतं... पण आधी नोकरी कायम व्हायची होती, मग बढती होती. कारण नेहमी हाताशी असे.

वर्षभरात आप्पांनी नोकरी सोडली. अजून दोन वर्षं थांबता आलं असतं. मला वाटलं, थकले असतील. असं वाटून घेणं सोयीचं होतं. ते मला शेवटचे भेटले खडेबाजारात, गेल्या दिवाळीआधी. एका किराणा दुकानासमोर उभे होते, हातात यादी. मला बघून आनंदले. तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणाले, “बरी हाय, बहुतेक.” गुंजीला कधी परत जाणार? “साडेपाचच्या गाडीनं, बहुतेक. थांब, लिवलंय मी.” आणि खिशातून दुसरा कागद काढून त्यांनी वेळ वाचली. या माणसाच्या तोंडी मी स्टोअरमधल्या त्या वर्षभरात एकदाही ‘बहुतेक’ ऐकलं नव्हतं. रस्त्यावर गर्दी होती, दोघांनाही धक्के बसत होते. मी म्हटलं, “आप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय.” ते म्हणाले, “सांग की.” मी म्हटलं, “एकदा घरी येते निवांत.” “ये. कवाबी ये. पर फोन करून ये, न्हायतर मी इसरंन.”

मी गेले ती त्यांना जाऊन पाच आठवडे झाल्यावर.

गुंजीच्या स्टेशनवर उतरून विचारत विचारत घर गाठलं. आप्पांची बायको, शेवंता मावशी, एकट्याच होत्या. मुलगी हुबळीला परत गेली होती. मला त्यांनी फोटोवरून ओळखलं. सत्काराचा फोटो भिंतीला होता. आप्पा पहाटे अंघोळीचं पाणी तापवायला उठले, चुलीपाशीच बसले आणि कलंडले, असं त्यांनी सांगितलं. नंतर आपणहून बोलत राहिल्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षी फौंड्रीत काहीतरी चुकलं तेव्हापासून माणूस बदलला. कुठलीही गोष्ट विचारली की म्हणायचे, मला ठावं न्हाय, माझ्यावर इसंबू नगा. शेजारच्या कुणाच्या बांधाचा वाद होता, साक्षीला बोलावलं तर गेले नाहीत. बेळगावला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं तपासलं, प्रश्न विचारले, चित्रं दाखवली, आणि सांगितलं की डोकं ठणठणीत आहे, विसरण्याचा आजार नाही. “घरी येताना मी म्हणलं, ऐकलंसा न्हवं? तर म्हणत्यात कसं, डाक्टरला काय ठावं. माझी सही हाय त्या कागदावर.”

मी तेव्हा सांगितलं. मध्ये न थांबता, खोडरबरापासून फोनपर्यंत सगळं. मावशी माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे त्यांनी तुला फोन केलता, तवा तुला ठावं हुतं?”

“हो, मावशी.”

“आन् खडेबाजारात भेटलीस तवाबी?”

“तेव्हाही.”

त्या रडल्या नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, आणि हे बहुधा त्यांनाही कळत असावं. “मला सांगून काय उपेग, पोरी? मला ठावंच हुतं, त्यांचं डोकं बराबर हाय म्हणून. रोज सांगत हुते मी. ज्येला सांगायचं त्येला तू सांगितलं न्हाईस.” मग म्हणाल्या, “तू पेपरात लिवतीस म्हणं कधीमधी. त्ये सांगायचे, तुझं काय आलं की कापून ठेवायचे. मग ह्ये लिव. फौंड्रीतल्या मानसांनी वाचूदे. त्या धाकल्या मालकानंबी वाचूदे.”

म्हणून हे लिहिते आहे. मागच्या आठवड्यात मी विद्यापीठाला पत्र दिलं आणि खरं काय घडलं ते कळवलं. सर म्हणाले, आता कशाला, इतक्या वर्षांनी. पुढं काय होईल माहीत नाही. आप्पांचं मूळ उत्तर ठेवून, पावसाळ्याचा वेगळा तक्ता करून मी ते गणित पुन्हा मांडलं. पावसाळ्यात सावंत पहिले येतात. आप्पांना हे गणिताशिवाय ठाऊक होतं, आणि त्यांनी मला ते सांगितलंही होतं. परशराम आप्पा काही विसरले नव्हते. ते म्हणाले होते, आधी कळवणं, लई जास्त. मी स्वतः ऐकलं होतं.

त्या दिवशी गुंजीहून निघताना मावशींनी चहा केला. नको म्हटलं तरी केला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होते. फळीवर स्टीलचे डबे ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येकावर एकेक चिठ्ठी डकवलेली. साखर. चहा. मीठ. सोडा. स्टोअरच्या खणांवर असायच्या तशाच, त्याच वळणदार अक्षरात. मावशी म्हणाल्या, “सकाळचा चहा त्येच करायचे. चूक हुईल म्हणून भ्यायचे. चाळीस वर्सं ह्याच फळीवर ह्येच डबं हाईत.” मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी एका कडेनं सुटून आली होती. मावशींनी टोपातल्या भाताचं एक शीत घेतलं, चिठ्ठीच्या मागं चोळलं, आणि अंगठ्यानं ती डब्यावर दाबून धरली, चिकटेपर्यंत.